खेळातील अर्धविराम

लपंडाव असो, लंगडी असो वा विटीदांडू असो. खेळ ऐन रंगात आला असताना एखाद्या मुलाच्या चपलेचा अंगठा तुटतो, कोणाच्या पायात काटा रुततो, तर कोणाला घरातून आईची हाक येते. अशा वेळी ते मूल मुठीला ओठ लावते आणि "टाइम प्लीज!" असे ओरडते. राज्य ज्याच्यावर आहे तो गडी धावता धावता जागच्या जागी थांबतो. हा नियम कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही, तरीही महाराष्ट्रातील गल्लीबोळांतली मुले तो निमूटपणे पाळत आली आहेत. भांडण जुंपते ते एकाच प्रसंगी. बाद होण्याच्या अगदी बेतात आलेला गडीच नेमका "टाइम प्लीज" म्हणतो, तेव्हा बाकीचे खवळतात. "हरायला लागला की बरा टाइम आठवतो!" असे त्याला ऐकून घ्यावे लागते.

गंमत अशी, की जी गोष्ट गल्लीत लबाडी ठरते तीच बास्केटबॉलच्या मैदानावर हक्काची ठरते. प्रतिस्पर्धी संघ एकामागून एक गुण मिळवू लागला, आपल्या खेळाडूंचे पाय लटपटू लागले, की प्रशिक्षक खेळ थांबवण्याची मागणी करतो. या थांबण्याला टाइम-आऊट म्हणतात. खेळाडू प्रशिक्षकाभोवती गोळा होतात, पाणी पितात, चार शब्द ऐकतात आणि पुन्हा मैदानात उतरतात. वाक्यात अर्धविराम येतो, पण वाक्य संपत नाही. तसाच हा प्रकार आहे. या अर्धविरामामुळे खेळाचे वारे खरोखरच फिरते का? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

बास्केटबॉल हा खेळ ज्याने निर्माण केला, त्याच्या मनात असा थांबा मुळीच नव्हता. 1891 सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हिवाळ्यात घराच्या आत खेळता येईल असा खेळ शोधून काढला. त्याने सज्जाला दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती, एवढीच सोय त्या नियमांत होती. पुढे खेळ थांबवून घेण्याची मुभा आली. परंतु ती होती मैदानावरच्या खेळाडूंसाठी. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या सामन्यांत 1948-49 चा हंगाम उजाडेपर्यंत प्रशिक्षकाला या विश्रांतीत आपल्या खेळाडूंशी बोलण्याचीसुद्धा परवानगी नव्हती! खेळाडूंनी आपसांत काय ते ठरवावे आणि प्रशिक्षकाने बाकावर बसून पाहत राहावे, अशी ती रीत होती. परीक्षेच्या वर्गात गुरुजींनी उत्तर सांगू नये, त्यातलाच हा न्याय. आज चित्र उलटे झाले आहे. टाइम-आऊट म्हटले, की पहिल्यांदा प्रशिक्षकच डोळ्यांपुढे येतो.

आपल्याकडे हा खेळ ख्रिस्ती युवक संघटनेच्या, म्हणजे वाय.एम.सी.ए.च्या क्रीडांगणांवरून पसरला. मुंबईतील नागपाडा विभाग त्यासाठी विशेष नावाजलेला. 1970 सालचा अर्जुन पुरस्कार मिळवणारे आणि भारतीय संघाचे कर्णधारपद भूषविणारे अब्बास मुंतसिर याच वस्तीत घडले. आज भारतात हा खेळ आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळला जातो. सामन्याचे दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात. प्रत्येक संघाला पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धात तीन टाइम-आऊट मिळतात, प्रत्येकी एक मिनिटाचे. मनात आले की घेतला, असे मात्र होत नाही. प्रशिक्षकाने गुणलेखकाच्या मेजाकडे जाऊन हाताची ठरलेली खूण करायची. मग घड्याळ थांबले आणि चेंडू खेळात नसला, किंवा प्रतिस्पर्ध्याने मैदानी गोल केला, की ती मागणी मान्य होते. पूर्वार्धात न वापरलेले टाइम-आऊट उत्तरार्धासाठी साठवूनही ठेवता येत नाहीत.

आता एका सामन्याची कल्पना करू. जालना शहरात जुन्या किल्ल्याच्या गढीला मस्तगड म्हणतात, आणि तिच्याभोवतीच्या भागालाही तेच नाव पडले आहे. या मस्तगडच्या मुलींचा एक संघ आहे आणि तो अंबडच्या संघाशी खेळत आहे, असे समजा. मस्तगडच्या मुली 18-17 अशा एका गुणाने पुढे आहेत. एवढ्यात अंबडच्या मुलींना जणू वारे लागते. एक गोल, दुसरा गोल, तिसरा. टोपलीचे जाळे हलायचे थांबतच नाही. पाहता पाहता त्यांनी सलग दहा गुण मिळवले आणि फलकावर 18-27 असे आकडे चढले. मस्तगडच्या मुलींचे अवसान गळाले. एकीने दिलेला चेंडू दुसरीच्या हातातून निसटू लागला. सरांनी खूण केली. पंचांची शिट्टी वाजली. मुली धापा टाकत बाकाजवळ आल्या.

"पोरींनो, आधी पाणी प्या," सर म्हणाले. "फलकाकडे बघू नका. पुढचा एकच चेंडू नीट खेळा."

मिनिट संपले. खेळ सुरू झाला. पुढच्या पाच मिनिटांत मस्तगडने नऊ गुण मिळवले आणि अंबडला सहाच मिळू दिले. फलक 27-33 झाला. प्रेक्षकांत एकच बोलबाला झाला: "सरांनी वेळेवर थांबवलं म्हणून निभावलं!" सरांनाही ते पटले. मुलींना तर पटलेच पटले.

पण गुणपत्रक लिहिणारी मुलगी मोठी चिकित्सक. सामना आटोपल्यावर तिने आपली वही चाळली आणि ती सरांकडे गेली.

"सर, एक विचारू का? मागच्या महिन्यातल्या सामन्यात आपले टाइम-आऊट संपले होते. तेव्हाही त्या मुलींनी सलग आठ गुण केले होते आणि तुम्हाला थांबवता आलं नव्हतं. तरी पुढे आपण सावरलोच की. मग आज थांबवलं नसतं, तर सावरलो नसतो का?"

सर क्षणभर गप्प राहिले. "बाळ, ते मला कसं सांगता येणार? आज न थांबवता काय झालं असतं, ते कुणीच पाहिलेलं नाही," असे ते म्हणाले. उत्तर प्रामाणिक होते.

या मुलीच्या शंकेसाठी मराठीत फार जुना शब्द आहे, काकतालीय न्याय. ताडाच्या झाडावर कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली. पाहणाऱ्याला वाटले, कावळ्यानेच फळ पाडले. बोलीत आपण कावळा बसायला अन् फांदी मोडायला असे म्हणतो. एका गोष्टीमागून दुसरी गोष्ट घडली, एवढ्यावरून पहिली ही दुसरीचे कारण ठरत नाही. सरांनी थांबवले आणि नंतर मुली सावरल्या, हे खरे. परंतु थांबवल्यामुळे सावरल्या, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

ही गोष्ट पटण्यासाठी एक रुपयाचे नाणे पुरते. नाणे वर उडवत राहावे. सलग चार वेळा छापा पडला, की मोठ्याने "थांबा!" असे म्हणावे, नाण्याला एक मिनिट विश्रांती द्यावी आणि मग पुन्हा चार वेळा ते उडवावे. काय दिसेल? अशा सोळा प्रसंगांपैकी सरासरी पंधरा प्रसंगी त्या चार खेपांत एकदा तरी काटा पडेल आणि छाप्यांची रांग तुटेल. चारही वेळा छापाच पडण्याचा योग सोळांत एकदाच येतो. जो कोणी नुसता पाहत असेल, तो म्हणेल, "थांबा म्हटल्याचा केवढा हा प्रभाव!" परंतु नाण्याला ना कान आहेत ना मन. "थांबा" न म्हणता नाणे उडवले, तरी हिशेब तोच येतो. रांग ही मुळातच क्वचित घडणारी गोष्ट आहे. तिच्यानंतर जे घडते ते बहुधा नेहमीसारखे असते, आणि नेहमीसारखे घडले की आपल्याला वाटते, काहीतरी पालटले!

बास्केटबॉलचे खेळाडू म्हणजे नाणी नव्हेत, हे उघड आहे. त्यांना भीती वाटते, चेव येतो, दम लागतो. तरीही दहा-शून्य अशी धाव ही त्यांच्याही बाबतीत अपवादाचीच गोष्ट असते. दोन्ही संघ तुल्यबळ असतील, तर अशा धावेनंतर खेळ आपोआपच मूळ पातळीकडे झुकू लागतो. प्रशिक्षक नेमका त्याच वेळी खेळ थांबवतो. धाव चालू नसताना तो कशाला थांबवील? त्यामुळे ज्या घटकेला गोष्टी तशाही सुधारायच्या असतात, त्याच घटकेला त्याची शिट्टी वाजते आणि सुधारणेचे श्रेय शिट्टीला मिळते.

डॅनियल काहनमन या मानसशास्त्रज्ञाने अशीच एक हकिकत सांगितली आहे. पुढे 2002 साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही गोष्ट त्याच्या तरुणपणची. इस्रायलच्या हवाई दलातील शिक्षकांपुढे तो व्याख्यान देत होता. शाबासकी दिल्याने विद्यार्थी अधिक चांगले शिकतात, असे तो म्हणताच एक अनुभवी शिक्षक उठून उभा राहिला. त्याचे म्हणणे असे होते, की एखाद्याने विमान उत्तम फिरवले म्हणून त्याची स्तुती केली, तर पुढच्या खेपेला तो हमखास ढेपाळतो. आणि ज्याला चांगले खडसावले तो पुढच्या खेपेला सुधारतो. म्हणजे रागावणेच कामास येते! काहनमनने वाद घातला नाही. त्याने जमिनीवर खडूने एक खूण केली आणि त्या अधिकाऱ्यांना खुणेकडे पाठ करून, न पाहता, दोन-दोन नाणी फेकायला लावली. ज्यांचे पहिले नाणे खुणेच्या अगदी जवळ पडले, त्यांतील बहुतेकांचे दुसरे नाणे दूर गेले; ज्यांचे पहिले फार लांब पडले, त्यांतील बहुतेकांचे दुसरे जवळ आले. येथे कोणी कोणाची स्तुती केली नव्हती, की कोणाला खडसावले नव्हते.

फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1886 साली आई-बाप व मुले यांच्या उंचीची मोजमापे मांडून हाच स्वभाव दाखवला होता. फार उंच आई-बापांची मुले उंच असतात खरी, पण सरासरीने पाहता आई-बापांइतकी आगळी उंच नसतात. ती मध्याकडे झुकतात. परीक्षेत एखाद्या घटक चाचणीत अनपेक्षितपणे फार कमी गुण पडले, घरी बोलणी बसली आणि पुढच्या चाचणीत गुण वाढले, तर त्यातला किती वाटा बोलण्यांचा आणि किती मध्याकडे झुकण्याचा, हे सांगणे अवघड आहे. वडिलधाऱ्यांना हा हिशेब सहसा रुचत नाही, हा भाग निराळा.

मग खेळाचे वारे ही गोष्टच खोटी म्हणायची काय? पदार्थविज्ञानात संवेग नावाची राशी आहे. वस्तूचे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार केला, की संवेग मिळतो. घरंगळत येणारा दगड किती जोराने आदळेल, ते त्यावरून कळते. संघाचा संवेग मात्र कोणत्याही तराजूत मोजता येत नाही. 1985 साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या तीन संशोधकांनी अमेरिकन बास्केटबॉलपटूंच्या फेकींचा हिशेब तपासला. लागोपाठ गोल करणाऱ्या खेळाडूचा हात "तापलेला" असतो, अशी सर्वांची समजूत. पण या तिघांना तसे काही आढळले नाही. तीन दशके विद्वान मंडळी हे उदाहरण देत राहिली. पुढे जोशुआ मिलर आणि ॲडम सांजुर्हो यांनी, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात, त्या जुन्या हिशेबाच्या रीतीतच एक बारीकशी चूक दाखवून दिली. ती दुरुस्त केली असता हात तापण्यात थोडेफार तथ्य दिसते, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा वारे अजिबात नसते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. प्रेक्षकांना वाटते तेवढे ते जोराचे नसते, इतके म्हणायला हरकत नाही.

गुणपत्रक लिहिणाऱ्या मुलीचा प्रश्न मात्र याहून नेमका होता. तिला हवी होती तुलना: धाव चालू असताना थांबवले तर काय होते आणि तशीच धाव चालू असताना न थांबवता खेळ चालू दिला तर काय होते. अमेरिकेत एन.बी.ए. या नावाने व्यावसायिक संघांच्या स्पर्धा होतात. तेथे प्रत्येक चेंडूची नोंद ठेवली जाते, म्हणून अशी तुलना शक्य आहे. 2017 साली त्या संघटनेने खेळ सलग चालावा म्हणून एका सामन्यातील दोन्ही संघांचे मिळून टाइम-आऊट अठरांवरून चौदांवर आणले. तेव्हा ते कोठे खर्च करावेत, हा प्रश्न प्रशिक्षकांना अधिकच भेडसावू लागला. गिब्ज, एल्मोर आणि फॉस्डिक या तीन संख्याशास्त्रज्ञांनी एकसारख्या परिस्थितीतल्या धावा एकमेकींसमोर ठेवल्या. 2022 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष वाचून अनेक प्रशिक्षकांना घाम फुटला असेल. धाव झाल्यानंतर मागे पडलेला संघ बरेचदा सावरतो, हे खरेच. परंतु प्रतिस्पर्ध्याची धाव चालू असताना टाइम-आऊट घेतल्याने फायदा होण्याऐवजी किंचित तोटाच होतो, असे त्यांना आढळले. तोटा अगदी थोडा, आणि संघासंघांत कमी-अधिक. पण जो फायदा सर्वांनी गृहीत धरला होता, तो काही हाती लागला नाही.

असे का व्हावे, याची एक साधी बाजू सहज लक्षात येते. खेळ थांबतो तो दोघांसाठी. आपले खेळाडू पाणी पितात, तसे प्रतिस्पर्धीही पितात. सलग धावून त्यांना लागलेला दम ओसरतो. त्यांचाही प्रशिक्षक त्यांना चार गोष्टी सांगतोच. किल्ल्याला वेढा घालणाऱ्याला आणि आतल्याला तहाच्या दिवसांत सारखीच उसंत मिळावी, तसे हे आहे.

मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलून मस्तगडच्या मैदानावर आणून ठेवणे बरोबर होणार नाही. एन.बी.ए.तले खेळाडू वर्षानुवर्षे मुरलेले असतात. दहा गुणांची धाव त्यांनी शेकडो वेळा सोसलेली असते. बारा वर्षांच्या मुलीला ती पहिल्यांदाच सोसावी लागत असेल, तर तिच्या पाठीवर पडलेला हात कदाचित अधिक मोलाचा ठरेल. कदाचित म्हणायचे एवढ्याचसाठी, की तिच्या वयाच्या मुलींचा असा हिशेब निराळा मांडावा लागेल. फिल जॅक्सन या अमेरिकी प्रशिक्षकाची तऱ्हा येथे आठवते. त्याच्या संघांनी एन.बी.ए.ची अकरा विजेतेपदे मिळवली. धाव चालू असतानाही तो बरेचदा बाकावर शांत बसून राही आणि टाइम-आऊट मागत नसे. संघाने संकटातून आपला मार्ग आपणच काढायला शिकावे, असा त्याचा रोख. प्रेक्षक मात्र चुळबुळत असत.

वारे फिरवण्याचे काम बाजूला ठेवले, तरी त्या एका मिनिटाचे मोल शिल्लक राहतेच. ते अगदी रोखठोक आहे. दमलेल्या खेळाडूला श्वास घेता येतो. प्रतिस्पर्ध्याने बचावाची रीत बदलली असेल, तर कोणी कोठे उभे राहायचे ते फळीवर रेघा ओढून दाखवता येते. सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत तर नियमच मदतीला येतो. चेंडू आपल्या अर्ध्या मैदानातून आत फेकायचा असेल आणि आपण टाइम-आऊट घेतला, तर तो प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानातून फेकण्याची निवड प्रशिक्षकाला करता येते. मोजकेच सेकंद उरलेले असताना अर्धे मैदान धावायचे वाचते, ही काही थोडी कमाई नव्हे. म्हणून अनुभवी प्रशिक्षक आपले टाइम-आऊट पहिल्याच वाऱ्यावर उधळीत नाहीत.

आणि ते उधळून झाल्यावर काय होते, हे क्रिस वेबरला विचारावे. 5 एप्रिल 1993 रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता. मिशिगन विद्यापीठ आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांची गाठ होती. मिशिगनचा संघ 71-73 असा केवळ दोन गुणांनी मागे होता. अकरा सेकंद उरले होते. चेंडू मिशिगनच्या वेबरच्या हातात होता आणि मैदानाच्या कोपऱ्यात दोन प्रतिस्पर्ध्यांनी त्याची कोंडी केली होती. त्याने दोन्ही हातांनी टाइम-आऊटची खूण केली. पण मिशिगनचे सगळे टाइम-आऊट आधीच संपलेले होते! नसलेला टाइम-आऊट मागणे हा नियमभंग. दंड म्हणून प्रतिस्पर्ध्यांना मुक्तफेकी मिळाल्या, वर चेंडूही मिळाला, आणि सामना 77-71 असा मिशिगनच्या हातून गेला. त्या वेळी वेबर अवघा वीस वर्षांचा होता. पुढे तो व्यावसायिक खेळात नावारूपाला आला आणि 2021 साली बास्केटबॉलच्या मानवंदना दालनात त्याची निवड झाली. पण ते अकरा सेकंद लोक अजून विसरलेले नाहीत.

आपल्या मातीतल्या कबड्डीतही हा अर्धविराम आहे, तो आणखी छोटा. प्रत्येक संघाला प्रत्येक डावात दोनदा खेळ थांबवता येतो, तोही तीस-तीस सेकंदच. संघाने मैदान सोडून जायचे नाही. तीस सेकंदांत काय काय सांगणार? "उजव्या कोपऱ्याने घाई करू नये," एवढे सांगून होते न होते तोच शिट्टी वाजते. त्यापेक्षा मोठी उसंत मध्यंतराची. अहमदाबादला 22 ऑक्टोबर 2016 रोजी झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण 18-13 असा पुढे होता. नंतर भारताने 38-29 असा विजय मिळवला. एकट्या अजय ठाकूरने बारा गुण कमावले. मध्यंतरात सांगितलेल्या शब्दांनी हे घडवले, की अजय ठाकूरच्या पायांनी? कावळा आणि फांदी इथेही आहेतच.

दोन वर्षांनी फासा उलटा पडला. 2018 सालच्या आशियाई क्रीडास्पर्धा इंडोनेशियात झाल्या. महिलांच्या कबड्डीत 2010 आणि 2014 अशी दोन्ही सुवर्णपदके भारताकडेच होती. 24 ऑगस्ट रोजी अंतिम सामन्यात भारतापुढे इराणचा संघ उभा राहिला, आणि त्या संघाच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसल्या होत्या नाशिकच्या शैलजा जैन! आयुष्यभर महाराष्ट्रात मुलींना कबड्डी शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी इराणचे बोलावणे स्वीकारले होते. तेथे पहिली अडचण आली भाषेची. दुभाष्यामार्फत बोलायचे म्हटले, तर तीस सेकंद दुभाष्यालाच पुरायचे. म्हणून उतारवयात त्या फारसी शिकल्या. चढाई आणि पकडीच्या सरावाबरोबर त्यांनी इराणी मुलींना योगासने आणि प्राणायाम शिकवला. दम आणि मन ताब्यात ठेवण्याचे हे शिक्षण रोजच्या सरावात चालले होते, सामन्याच्या घाईत नव्हे.

त्या अंतिम सामन्यात मध्यंतराला भारताची थोडी आघाडी होती. उत्तरार्धात इराणच्या मुली डगमगल्या नाहीत. सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते, इराण 27, भारत 24.

स्वाध्याय

1. "हरायला लागला की बरा टाइम आठवतो!" असे मुले कोणत्या प्रसंगी म्हणतात?
2. 1948-49 पूर्वी अमेरिकेतील महाविद्यालयीन सामन्यांत टाइम-आऊटची रीत आजच्याहून कशी वेगळी होती?
3. काकतालीय न्याय म्हणजे काय? तुमच्या रोजच्या अनुभवातील एक उदाहरण लिहा.
4. नाणे उडवून पाठातील प्रयोग करा. सलग चार छापे पडल्यावर एका खेपेस "थांबा" म्हणा, दुसऱ्या खेपेस म्हणू नका. दोन्हींचा हिशेब वहीत मांडा.
5. "आज न थांबवता काय झालं असतं, ते कुणीच पाहिलेलं नाही," हे सरांचे उत्तर तुम्हाला पटते का? आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.
6. वाक्यात उपयोग करा: अवसान गळणे, वारे फिरणे, छातीठोकपणे म्हणणे, उसंत मिळणे.